तेलिऊच्या बोगद्याआधी

ओतिलिया उघडा लॅपटॉप दोन्ही हातांत धरून ब्राशोवला गाडीत चढली. मागून कोझोनाकचा, म्हणजे सणासुदीच्या गोड पावाचा, डबा सांभाळत धाकटा भाऊ साबिन आला.

"मिट की तो लॅपटॉप! सूप सांडेल अशी चालतेयस."

"मिटला की संपलं सगळं!" ती खेकसली.

ऑफिसच्या सर्व्हरवर, वारलेल्या बाबांच्या गाण्यांची कॉपी चालू होती. तिथे जोडलेली त्यांची जुनी डिस्क शेवटच्या घटका मोजत होती, पुन्हा वाचता येईल याचा भरवसा नव्हता. आणि हुकूम लॅपटॉपवरून दिलेला, त्यामुळे त्याचं नेट तुटलं की कॉपीही तिथेच मरणार. खरं तर अशा वेळी काम टर्मिनलच्या सेशनमध्ये सुरू करायचं असतं, मग लाइन तुटो नाहीतर लॅपटॉप मिटो, सर्व्हरवर ते चालूच राहतं. त्यासाठीचं एक टूल ओतिलिया स्वतःच लिहीत आली होती, जगाला फुकट वाटत होती. 'आधी सेशन उघडा' म्हणून लोकांच्या कानीकपाळी ओरडणारी बाई, आणि आज स्वतःच विसरली!

गाडी सुटली तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सारखी नेटकडे बघायची, बॅटरीकडे बघायची. पुढे तेलिऊचा बोगदा होता, आत नेटचं नाव नाही.

"मी बोगद्याआधी, तेलिऊ स्टेशनलाच उतरते. तू हो पुढे."

"आणि आईचं लग्न?"

"सांग तिला, ओती बाबांची गाणी वाचवतेय."

साबिनने डबा बाकावर आपटला. "त्रायानकाका भला माणूस आहे, ओती. आईला सुखात ठेवेल."

"मी कुठे काय म्हटलं?"

"काहीच म्हणत नाहीस, हीच तर बोंब आहे! जन्मभर लिहिलेलं टूल नेमकं आज विसरलीस? कुणाला बनवतेस गं?"

ती त्याच्याकडे पाठ करून पुन्हा बॅटरीकडे बघू लागली.

"काहीच इलाज नाही?" त्याने जरा नरमून विचारलं.

इलाज होता. चालू काम उचलून सेशनमध्ये आणून बसवणारं आणखी एक छोटंसं टूल होतं. सकाळपासून तिला ते ठाऊक होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तेलिऊ आलं. ती उतरली नाही. तिने भराभर दोन-तीन ओळी टाइप केल्या आणि श्वास रोखून बसली. कॉपीचे आकडे सेशनमध्ये पुन्हा पळू लागले. तिने लॅपटॉप मिटला, आणि गाडी बोगद्यात शिरली.

अंधारात साबिनला हुंदका ऐकू आला. "गेली का गाणी?"

"नाही रे. चाललीय कॉपी."

"मग रडतेस कशाला?"

"आता लग्नाला जावंच लागणार ना!"