मागच्या बाजूचे धागे

मी खिळ्यांचा एक जुना फळा आहे. एस्ब्येर्ग नावाच्या बंदराच्या गावातल्या एका शाळेच्या तळघरात, मोडक्या खुर्च्यांमागे मला उभं करून ठेवलंय. मित्रांनो, गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कोणाकडे जा. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो मी लपवणारही नाही.

मला मेरेतेने बनवलं. ती सातवीला गणित शिकवायची. बंदरावर बोटी दुरुस्त करतात तिथून तिने जाड प्लायवूड आणलं, घासलं आणि दोन्ही बाजूंना खिळे ठोकले. पुढची बाजू शिकवण्यासाठी होती. खिळा म्हणजे बंदर आणि लोकरीचा धागा म्हणजे बोटीचा मार्ग. "एकच मार्ग बंद करून हे बेट एकटं पाडायचंय. कोणता कराल?" ती विचारायची, आणि मुलं माझ्यापुढे अक्षरशः भांडायची. कधी खिळ्यांची माणसं व्हायची, आणि एका तोंडून निघालेली अफवा गावभर कशी पोचते ते मुलं बोटाने दाखवायची. जाळ्यांचं शास्त्र ते असं शिकले. मला त्याचा अभिमान होता.

माझी मागची बाजू मात्र फक्त मेरेतेची होती. तिने प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "गणितात अडलं तर वर्गात कोणाला विचारशील?" मग वर्ग रिकामा झाल्यावर दार लावून तिने प्रत्येक खिळ्याखाली एकेका मुलाचं नाव लिहिलं आणि धागे बांधले. विचारणाऱ्याच्या खिळ्याला गाठ, ज्याला विचारायचं त्याच्या खिळ्याला नुसता वेढा. काम झालं की ती बाजू भिंतीकडे. त्या धाग्यांवरून तिला दिसलं, की ज्यांना सगळे विचारतात ती मुलं एकाच कोपऱ्यात बसतात. तिने त्यांना वर्गभर पांगवलं. का, ते मुलांना सांगितलं नाही. हिवाळा सरेपर्यंत वर्गाचं गणित बरंच सुधारलं होतं.

ते कसं घडलं, हे मुख्याध्यापक ग्रेगर्सच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचे पाहुणे यायचे होते. शाळा सुटल्यावर तो वर्गात आला आणि त्याने मला उलटं फिरवलं.

"हे नको, ग्रेगर्स," मेरेते म्हणाली. "मुलांनी मला विश्वासाने सांगितलंय."

"अगं, इतकं छान काम, आणि लपवतेस कशाला? फक्त हा गुंता काढ. पाहुण्यांना काय कळणार यातलं? दोघांनी एकमेकांना निवडलंय तेवढेच धागे ठेव."

"मी एकही काढणार नाही."

"बरं, राहू दे." त्याने टेबलावरची कात्री उचलली.

मेरेते रागाने लाल झाली, पण तिने त्याचा हात धरला नाही. त्याबद्दल मी तिलाही माफ केलेलं नाही. सिसेल नावाच्या मुलीच्या खिळ्याला दोन गाठी होत्या, वेढा एकही नव्हता. बाकीच्या एकतर्फी धाग्यांबरोबर ग्रेगर्सने त्या दोन्ही कापल्या, आणि धागे केराच्या टोपलीत टाकले.

सकाळी मुलं आली, आणि सगळ्यांना सगळं दिसलं.

"सिसेल, तुझ्या खिळ्याला माझं जॅकेट अडकवू का?" लाउरित्स ओरडला. "नाहीतरी रिकामाच आहे!"

वर्ग खदखदून हसला. विबेके तर तोंडावर हात धरून हसत होती. सिसेलने काळ्या पावाचा डबा उघडला, तसाच बंद केला.

मग पाहुणे आले. ग्रेगर्सने त्यांना माझ्यासमोर उभं केलं आणि सिसेलच्या खिळ्यावर बोट ठेवलं. "बघा, हे मूल एकटं पडलंय. एका नजरेत कळतं. आता वेळेवर मदत करता येईल."

खाली नाव लिहिलेलं होतं. नावाची मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती.

ती उठली. "मी दोन नावं सांगितली होती. ती कुठे गेली?"

"हे बघ, त्यांनी तुला निवडलं नाही ना, म्हणून..." ग्रेगर्स म्हणाला.

"ते त्यांचं झालं. माझं कुठे गेलं?"

उत्तराची वाट न पाहता तिने खणातून लोकर काढली. आपल्या खिळ्याला गाठ मारली आणि धागा विबेकेच्या खिळ्यापर्यंत नेला.

"ए, मला नको हं यात ओढूस," विबेके म्हणाली.

सिसेलने दुसरी गाठ मारली आणि तो धागा लाउरित्सच्या खिळ्याला वळवला.

"काढ तो!" लाउरित्स म्हणाला. "मला नाही पाहिजे तुझा धागा."

"तुला देतंय कोण? माझा आहे तो. गणितात कोणाला विचारशील असं मेरेते म्हणाली, म्हणून तुझं नाव सांगितलं. माणूस कसा आहेस ते कोणी विचारलंच नव्हतं."

या वेळी कोणी हसलं नाही. पाहुण्यांमधल्या एका बाईंनी विचारलं, "धागे कापले कोणी?"

"ग्रेगर्सने," मेरेते म्हणाली. "आणि मी बघत उभी राहिले."

ग्रेगर्सने पाहुण्यांना घाईघाईने कॉफीला नेलं. लाउरित्सने माफी मागितली नाही, विबेकेनेही नाही. मेरेते सिसेलच्या बाकाशी गेली आणि सगळ्या वर्गासमोर माफी मागून मोकळी झाली. सिसेल म्हणाली, "काल मागायची होतीस." ते बरोबरच होतं. दुपारी दोन माणसांनी मला उचलून इथे आणून टाकलं.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, पुन्हा वर्गात लावा, असं मी म्हणणार नाही. पण तुमचं भलं करायचंय म्हणून कोणी तुमच्या मनातली नावं विचारायला आलं, तर आधी त्याला विचारा, हे कोणाकोणाला दाखवणार? नीट उत्तर मिळालं नाही तर तोंड उघडू नका. आणि उद्या तुम्हीच मोठे होऊन माणसांची जाळी मांडायला बसलात, आणि गुंता दिसताच तुमचा हात कात्रीकडे गेला, तर माझ्या जवळपासही फिरकू नका. माझे खिळे अजून टोकदार आहेत.