मोठ्या बाईंची निळी डबी

मोठ्या बाईंनी चाळीस वर्षं शाळा चालवली आणि पोरांना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली: तोंड उघडून स्पष्ट बोला. आता निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांना भाषणाला बोलावलं होतं. भाषण उद्या सकाळी होतं, आणि बाईंना तोंड उघडायची सोय नव्हती. त्यांची कवळी वाटेतल्या हॉटेलात राहिली होती.

बाईंना कवळी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, हीच तर मेख. दातांचा डॉक्टर सोडला तर या कानाची खबर त्या कानाला नव्हती. वय झालं की माणसाचे दात जातात, त्यात लाजायचं काय? पण हे बाईंना सांगणार कोण! त्यांना आणायला भाचेसून गेली होती, आणि मुक्कामाला दोघींत एकच खोली. बाईंनी दिवा मालवल्यावर कवळी काढली, निळ्या डबीत ठेवली, डबी पर्समध्ये टाकली. मग वाटलं, ही पोरगी गोळीबिळी शोधायला पर्स उघडायची. म्हणून डबी तिथून काढून दुसरीकडे लपवली. सकाळी जाग उशिरा आली, ड्रायव्हर खाली हॉर्नवर हॉर्न देत होता, तेव्हा बाईंना पर्सच तेवढी आठवली. तोंडावर शाल घेऊन त्या गाडीत बसल्या, भाचेसुनेचा डोळा लागल्यावर पर्स उघडली, तर डबीचा पत्ता नाही. इतकी लपवली की स्वतःपासूनही लपली.

भाचेसुनेच्या घरी पोचल्यावर त्यांनी तोंडाला रुमाल लावून कागदावर लिहिलं, "घसा बसलाय. हॉटेलला फोन कर. निळी डबी राहिली आहे. मौल्यवान वस्तू."

"दागिना आहे का, आत्या?" भाचेसुनेने विचारलं.

नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, मग काय आहे? बाईंनी मान डोलावली. आयुष्यभर पोरांच्या थापा पकडणाऱ्या बाईंनी अशी बिनबोभाट थाप मारली.

हॉटेलचा मॅनेजर फोनवर भला वाटला. "शोधतो, ताई. अर्ध्या तासात कळवतो." अर्ध्या तासाचे दोन तास झाले. बाई खिडकीशी बसून भाषणाचा कागद उलटसुलट करत राहिल्या. जेवायचा आग्रह झाला तर घशावर बोट ठेवलं. पोटात कावळे ओरडत होते, ते निराळंच.

फोन आला तेव्हा भाचेसुनेने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"डबी नाही मिळाली, ताई," मॅनेजर म्हणाला. "पण काळजी करू नका. त्या खोलीत आमच्या साफसफाईच्या मावशींशिवाय कुणी गेलेलं नाही. त्यांची पिशवी तपासली, झडती घेतली. कबूल करत नाहीत. दुपारपासून ऑफिसात बसवून ठेवलंय. तुम्ही तक्रार लिहून पाठवा, मी पोलिसांना बोलावतो. कामावरून तर आजच काढतो."

मागून एका बाईचा आवाज आला, थकलेला. "मी नाही हो घेतलं. अकरा वर्षं झाली इथं, कुणाची सुई उचलली नाही मी."

भाचेसून पेन शोधू लागली होती. "पाहिलंस, आत्या? असल्या लोकांना—"

बाईंनी रुमाल खाली ठेवला आणि फोन उचलला.

"त्यांना सोडा," त्या म्हणाल्या. शब्द हिरड्यांवरून घसरले, ओठांत अडकले, आणि बाहेर पडला तो नुसता वारा.

"काय? नीट ऐकू येत नाहीये. थांबा, स्पीकरवर टाकतो."

"डबीत माझे दात आहेत. खोटे दात."

"काय म्हणताय, आजी?"

भाचेसून आ वासून बघत होती. बाईंचे गाल आत गेले होते, हनुवटी नाकाला भिडायला आली होती. हा चेहरा त्यांनी आरशाशिवाय कुणाला दाखवला नव्हता. लाजेने त्यांचे कान तापले. तरी त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, पहिलीच्या वर्गात सांगावं तसं.

मॅनेजरला कळायच्या आधी मागच्या बाईला कळलं. "कवळी होय! अहो आजी, उशी बघितली होतीत का? माझ्या सासूबाई अभ्र्यातच कोंबून ठेवतात. अभ्रे लाँड्रीच्या गाठोड्यात गेलेत, गाठोडं अजून जिन्याखालीच आहे." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

पाच मिनिटांत ती परत आली. धापा टाकत म्हणाली, "सापडली. डबीला ओरखडासुद्धा नाही."

"उद्या पार्सल करतो," मॅनेजर घाईने म्हणाला. "परवा मिळेल."

"अगंबाई, आणि उद्याचं भाषण?" भाचेसून म्हणाली.

"उद्याचं उद्या," बाई म्हणाल्या. "मावशींना फोन द्या."

मावशी फोनवर आल्या. हे वाक्य बाईंनी हजार पोरांकडून सगळ्या वर्गासमोर म्हणवून घेतलं होतं, पण स्वतःच्या तोंडून कधी काढलं नव्हतं. "मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर आळ आला. माझं चुकलं."

"असू द्या हो, आजी. होतं असं."

"असू कसं देऊ? साहेबांना द्या."

"बोला, आजी," मॅनेजर म्हणाला.

"मी चूक कबूल केली. आता तुम्ही."

"मी? मी काय केलं?"

"पिशवी कुणी तपासली? झडती कुणी घेतली?"

भाचेसुनेने पेन हळूच खाली ठेवलं.

"त्यांच्याकडे बघून म्हणा," बाई म्हणाल्या. "आणि मोठ्याने. मला इथे ऐकू आलं पाहिजे."

लांबून मॅनेजरचा आवाज आला, "मावशी, माझं चुकलं." आणि दुपारपासून डोळ्यांत टिपूस न आणलेली ती बाई हुंदके देऊन रडू लागली. तिचं रडणं थांबेपर्यंत मोठ्या बाईंनी फोन ठेवला नाही.