आमच्याविरुद्ध ह्यांची सही

“ह्यात खोटं काहीच लिहिलेलं नाही,” असं म्हणत आमच्या ह्यांनी बाईंच्या हातातलं पेन घेतलं आणि आमच्याच विरुद्धच्या अर्जावर झोकदार सही केली.

मी हात पुसत बाहेर येईपर्यंत सगळं उरकलं होतं. समोरच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. अर्ज घेऊन घरोघर फिरत होत्या. आमचं दार टाळलं असतं तरी चाललं असतं, पण पाठीमागून काही करणं त्यांच्या स्वभावात नाही. आमच्या घरातल्या धंद्यामुळे चौदा घरांच्या ह्या बंद गल्लीत दिवसभर गाड्या येतात, हॉर्न वाजतात, फाटकं अडतात; तरी धंदा इथून हलवावा, असा मजकूर होता.

“अहो, डोकं ठिकाणावर आहे का? हलवायचा कुठे? हमरस्त्यावर?”

“गोंगाट मलाही नकोच आहे गं,” हे म्हणाले.

एक पाय आखूड असलेल्यांसाठी हे बूट बनवतात. ह्यांच्या गिऱ्हाइकांना दूरवर चालवत नाही, म्हणून गाड्या. तळ किती उंच करायचा ते मोजपट्टी सांगते, पण ह्यांचा तिच्यावर भरवसा नाही. गिऱ्हाइकाला गल्लीत चालायला लावायचं आणि आपण पाठ करून पावलं ऐकायची, ही ह्यांची तीस वर्षांची रीत. हमरस्त्यावर ह्यांचे कान काय कामाचे? आणि कान गेले की ह्यांच्याकडे उरतो तो फक्त हट्ट, तो माझ्या वाट्याला.

मी हे सगळं सांगितलं, पण बाईंना ते थोतांड वाटलं असावं. “पावलं ऐकून बूट?” त्या म्हणाल्या.

नेमकी तेव्हाच एक नर्स बूट न्यायला आली होती. ह्यांनी तिला चालायला सांगितलं. चार पावलं पडतात न पडतात तोच एका गाडीनं हॉर्न दिला. हे थांबले. ती गाडी मागे जाईपर्यंत आम्ही सगळे मुकाट उभे होतो. नर्स पुन्हा चालली. ह्यांनी डाव्या बुटाच्या तळाला कागदाएवढी पातळ चामड्याची पट्टी चढवली, पुन्हा चालवलं.

“आता दोन्ही पाय एकाच बाईचे वाटतात,” हे म्हणाले.

नर्स गल्लीच्या टोकापर्यंत गेली, परत आली आणि न थांबता पुन्हा गेली. बाई बघत राहिल्या.

“हे खरं,” त्या शेवटी म्हणाल्या, “पण माझं फाटक अडतं हेही खरं.”

“नाही कोण म्हणतंय, बाई?” हे म्हणाले.

त्या अर्ज घेऊन गेल्या. पुढचे चार दिवस मला धड जेवण गेलं नाही. हे मात्र शीळ घालत चामडं कापत होते.

पाचव्या दिवशी सकाळी बाई चाकांची खुर्ची ढकलत आल्या. त्यांच्या यजमानांची. चाकांना ताजं तेल घातलेलं होतं.

“गाड्या कोपऱ्यावर थांबतील. तिथून इथपर्यंत माणूस ह्यावर बसून येईल. अर्ज अजून माझ्याच टेबलावर आहे, लक्षात ठेवा.”

ह्यांनी हात जोडले. मला तर बाईंच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्या रागावल्या असत्या.

पहिलं गिऱ्हाईक एक म्हातारा पोस्टमन. बाई स्वतः त्याला कोपऱ्यावरून घेऊन आल्या. दुपारी तो नवे बूट घालून गाडीपर्यंत चालत निघाला. लागलीच तर असावी म्हणून बाई मागून रिकामी खुर्ची ढकलत होत्या. मीही बरोबर गेले.

“बाई, द्या इकडे. मी ढकलते.”

“राहू दे. रिकामी खुर्ची ह्याआधी एकदाच ढकलली होती मी. दवाखान्यातून घरी येताना.” त्यांनी पोस्टमनच्या पाठीकडे पाहिलं. “आज निदान पुढे कुणीतरी चालतंय.”

मी खुर्चीच्या एका मुठीला हात लावला. बाईंनी तो काढायला सांगितलं नाही.