सहावं नाव

"हे सहावं नाव कुणाचं?" सरांनी पेन्सिलचं टोक कागदावर टेकवून बाईंना विचारलं. त्यांना चांगलं ठाऊक होतं. वृद्धाश्रमात अकरा वर्षं म्हाताऱ्या माणसांना कुशीवर वळवणाऱ्या मावशींचं नाव होतं ते, आणि ते घालताना सरांनीच मान डोलावली होती.

पण आता शोधनिबंध मोठ्या नियतकालिकानं स्वीकारला होता आणि सरांना अचानक आश्रमाच्या संचालकांची आठवण झाली होती. आश्रमात जायची परवानगी त्यांनी दिली होती म्हणे. आयत्या बिळावर नागोबा! नावं सहाच चालणार होती, तेव्हा मावशी आता आभारात जाणार होत्या, तेही 'कर्मचारीवर्ग' या एका शब्दात.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षं आणि अडतीस निबंध, सगळे एकाच विषयावर: वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनी मिळून काम कसं करावं. लोकांना हे शिकवणाऱ्या त्यांच्या विभागात चार माणसं एका टेबलावर जेवत नव्हती. बढतीसाठी पहिलं नाव बाईंचं असलेले दहा निबंध लागत होते. नऊ झाले होते, हा दहावा. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती.

छापण्याआधी एखादं नाव काढायचं, तर ज्याचं काढायचं त्याचीच सही लागते, असा नियम. "तू जा, तुझं ऐकतील त्या," सर म्हणाले. एके काळी ते बाईंचे गाइड होते, त्यामुळे अजून एकेरीवरच होते. "नाहीतर मी निबंध मागे घेतो. प्रकल्प माझ्या नावावर आहे."

दुपारी बाई आश्रमात गेल्या, तेव्हा मावशी चादरी बदलत होत्या. बाईंनी सगळं सांगितलं, बढतीचंही, आणि सरांच्या नावानं दहा मिनिटं बोटं मोडली. मावशींनी हातातली चादर घालून पुरी केली, मग सहीचा फॉर्म घेऊन ओळीखाली बोट धरत शेवटपर्यंत वाचला.

"नाव काढायला माझी सही लागते?"

लागते, असं बाई म्हणाल्या.

"आपण काय लिहिलंय त्या निबंधात?"

बाईंना ते पाठ होतं. रोज वळवणाऱ्या माणसाला सकाळच्या बैठकीत आधी विचारलं, तर अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीवरच्या जखमा निम्म्यावर येतात. हे पहिल्यांदा मावशींनीच सांगितलं होतं, आणि बाईंनी ते मान वर न करता लिहून घेतलं होतं.

"मग आत्ता तुम्ही मला विचारायला आलात, का सांगायला?"

बाईंना राग आला. सरांचा तर होताच, पण मावशींचाही आला. हिचं काय जातंय, हिला कुठं बढती हवी आहे? हा विचार मनात पुरता येऊन गेला, आणि मग स्वतःचाच इतका संताप आला की कान तापले.

"विचारायला," त्या म्हणाल्या. तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते खोटंच होतं.

"मग नाही." मावशींनी फॉर्म परत दिला. "तुमचं नुकसान होतंय, कळतंय मला. वाईटही वाटतंय. पण नाही."

बाईंनी तिथूनच सरांना फोन लावला. सही मिळाली नाही आणि मी पुन्हा मागणारही नाही, असं सांगितलं. सर कृतज्ञतेबद्दल बरंच काही बोलले, शेवटी निबंध आजच मागे घेतो म्हणाले. घ्या, म्हणून बाईंनी फोन ठेवला.

कॉटवरच्या आजोबांची कूस बदलायची वेळ झाली होती आणि मावशींची जोडीदारीण रजेवर होती. "जरा हात लावता?" मावशींनी विचारलं. अडतीस निबंध लिहिणाऱ्या बाईंनी आजवर एकाही माणसाला वळवलं नव्हतं. त्यांनी दंडाला धरलं.

"तिथं नाही." मावशींनी बाईंची दोन्ही मनगटं धरून एक हात खांद्यामागे ठेवला, दुसरा कमरेशी. "आता त्यांना विचारा, वळवू का म्हणून."

बाईंनी वाकून विचारलं. आजोबांना मान हलवायला वेळ लागला, तोवर दोघी तशाच थांबल्या.