डावीकडून बोलतोय

मी डावा स्पीकर बोलतोय. नुसतं स्पीकर म्हटलं असतं तर तुमचं लक्ष उजव्याकडे गेलं असतं, आणि मध्यंतरी या घरात नेमकं तेच झालं होतं, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत बसलात की तुमच्या डाव्या हाताला, खिडकीखाली, लाकडी पेटीत काळी जाळी लावून उभा आहे तो मी.

स्वभावाने मी जरा घाबरट. कारखान्यात आम्हा दोघांना जोडीने तपासलं, आवाज सारखा निघतो म्हणून एकाच खोक्यात घातलं. उजवा तेव्हापासून निवांत आहे. मला मात्र सतत वाटत आलंय की तपासणारा माझ्यापाशी पोचेपर्यंत त्याची जेवायची सुट्टी झाली असणार.

आमचे मालक चष्मेवाले. दिवसभर लोकांच्या नाकावर ती जड चौकट ठेवायची, एक डोळा झाकायचा आणि काचा बदलत विचारत राहायचं, "हे स्पष्ट की हे?" घरीही तोच खाक्या. आम्हाला आणलं त्या दिवशी बाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांनी खुर्चीत बसवलं आणि आम्हाला बोटबोटभर पुढे-मागे सरकवत विचारलं, "हे स्पष्ट की हे?" शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, दोन्ही स्पष्ट. आता जेवायचं का?"

दुकान बंद करून आले की मालक मधल्या खुर्चीत बसत. बाई त्यांच्या डावीकडे, कोचाच्या टोकाला, माझ्या अगदी शेजारी. दुकानातून आणलेल्या चष्म्यांचे ढिले स्क्रू त्या तिथे बसून आवळत. मालक कपाटातून एखादी सीडी काढत, चष्मे पुसायच्या पिवळ्या फडक्याने पुसत, उजेडाकडे धरून बघत आणि मगच लावत. गाणं चालू असताना बाई मधूनच हळू काहीतरी बोलत. "समोरच्यांनी पडदे बदलले वाटतं." "पोस्टमन किती वाळलाय हो." मालक मान न वळवता उत्तर देत. त्यांचा संसार मी असा वर्षानुवर्षं जवळून ऐकला.

मध्ये एकदा माझ्या पडद्याच्या कडेचा फोम कुजला आणि मी फाटक्या आवाजात बोलायला लागलो. दुरुस्तीवाल्याने नवी कड बसवली. उजव्यालाही बसवली, पण त्याला त्याचं काही नाही. मी मात्र खर्जातला सूर येताना दिसला की आधी मनातल्या मनात कड चाचपून बघतो.

मग चिमणीने सुट्टी काढली. चिमणी ही मालकांची लेक. बापापेक्षा उंच झाली, परगावी नोकरीला लागली, तरी नाव तेच राहिलं. तिने कपाटातल्या सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवल्या, सगळा संग्रह एका हार्ड डिस्कवर भरला आणि अँप्लिफायरशेजारी साबणाच्या डबीएवढं एक यंत्र ठेवलं. फोनवर बोट टेकवलं की गाणं वायफायवरून त्या डबीत, डबीतून अँप्लिफायरमध्ये आणि तिथून आमच्याकडे.

"म्हणजे गाणी आता हवेतून येणार?" मालकांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मग मी पुसू काय?"

चिमणीने फोन त्यांच्या हातात दिला. "हा पुसा."

सीडी माळ्यावर टाकायचं बाईंनी ठरवलं. रिकाम्या कपाटात त्यांनी चादरी ठेवल्या. मालकांनी पिवळं फडकं घडी घालून खिशात ठेवलं.

काही आठवडे बरे गेले. मालक फोनला शिव्या देत देत त्याच्या प्रेमात पडले. आणि एका संध्याकाळी त्यांनी आपलं लाडकं रेकॉर्डिंग लावलं. त्यात व्हायोलिन सगळं माझ्या वाट्याला आहे आणि पियानो उजव्याच्या. मी जीव ओतून वाजवत होतो. मालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"व्हायोलिन गेलं कुठे?"

मी आधी मनातल्या मनात कड चाचपली.

त्यांनी लगेच चिमणीला फोन लावला. "तुझ्या त्या हवेतून येताना व्हायोलिन वाटेत सांडतंय बघ."

"सांडलंच असतं तर पियानोही सांडला असता, बाबा," ती म्हणाली. "डावा स्पीकर म्हातारा झाला असेल."

झालं. वायफाय बंद करून चालू केलं, वायरी काढून घातल्या, त्या डबीला दोन थपडाही मिळाल्या. शेवटी मालकांनी फोनवरची आवाजाची खूण सरकवत सरकवत पूर्ण डावीकडे नेली आणि आवाज वाढवला. आता एकटा मीच ओरडत होतो. पेटी थरथरत होती. बाईंनी कानावर हात ठेवले. "अहो, केवढ्याने ते!" मालकांनी तिकडे बघितलंही नाही. "येतंय, पण शेजारच्या घरातून आल्यासारखं," म्हणाले.

मीच कुजलोय याबद्दल मला शंका राहिली नाही. रोज संध्याकाळ जवळ आली की माझं धाबं दणाणायचं. मी स्वतःचा प्रत्येक सूर कान देऊन ऐकायचो. सगळं जिथल्या तिथे वाटायचं, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची, कारण बिघाड आहे आणि सापडत नाही, याच्याइतकं वाईट काही नाही.

इकडे बाईही गप्प होत चालल्या होत्या. त्या काही बोलायच्या आणि उत्तर यायचं नाही. पुन्हा बोलायच्या, तर मालक नुसतंच "हं" म्हणायचे, तेही भलत्याच वेळी. एकदा त्या विचारत होत्या, "दूध तापवलंत का?" मालक म्हणाले, "हं, छान वाजवलंय." बाईंनी हातातला स्क्रू खाली ठेवला. चिमणीशी फोनवर बोलताना त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "सीडी काढल्याचा राग आहे गं. माझ्याशी धड बोलत नाहीत."

आणि एक दिवस डावीकडच्या टेबलावर मालकांचा फोन वाजला. ते उजवीकडे शोधायला लागले. उजव्याच्या मागे बघितलं, खुर्चीखाली वाकून बघितलं. सापडल्यावर तो डाव्या कानाला लावला, "आवाज तुटतोय," म्हणाले आणि उजव्या कानाला धरून आरामात बोलत बसले.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बिघाड माझ्यात नव्हता. क्षणभर मला इतकं हलकं वाटलं, काय सांगू. आणि लगेच त्याची लाज वाटली, कारण मग बिघाड होता त्यांच्या डाव्या कानात. माझं व्हायोलिन आणि बाईंचे शब्द एकाच जागी जाऊन बुडत होते. हे घरात फक्त मला कळलं होतं. आणि मला स्वतःचं म्हणून एक अक्षरही बोलता येत नाही. जे पाठवतील तेच वाजवायचं, हा माझा जन्म. मी काय करणार होतो? रोज तेच व्हायोलिन वाजवत राहिलो, आणि रोज मालक त्यावरून मलाच बोल लावत राहिले.

शनिवारी चिमणी आली. तिने नवी जोडी मागवली होती. ती जोडी घरी पोचली की आम्हा जुन्या दोघांना देऊन टाकायचं. उजवा पहिल्यांदाच जरा हादरला. "त्याआधी एकदा अदलाबदल करून बघू," चिमणी म्हणाली. तिने वायरी सोडवल्या, मला उचलून उजवीकडे ठेवलं आणि उजव्याला माझ्या जागी आणलं. व्हायोलिन आता तो वाजवत होता.

"बघ," मालक म्हणाले, "डावा मेलेलाच आहे."

"बाबा, हा डावा नाहीये. हा तुमचा चांगला स्पीकर आहे."

"मग तोही बिघडवलास."

चिमणीने हात टेकले. बाई मात्र मालकांकडे एकटक बघत होत्या. त्या उठल्या. चिमणीकडून फोन घेऊन त्यांनी आवाज नेहमीएवढा केला, खुर्चीमागे गेल्या, आणि दुकानात मालक लोकांचा एक डोळा झाकतात तसा त्यांचा उजवा कान तळहाताने घट्ट झाकला.

"बंद का केलंस?" मालक म्हणाले.

कुणीच काही बंद केलं नव्हतं. आम्ही दोघंही वाजत होतो. बाईंनी हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मालक एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा त्याच्याकडे. त्यांचा चेहरा उतरत गेला. "अरे," ते एवढंच म्हणाले. बाई त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आणि मी समजत होते, माझ्यावर रागावलात."

त्याच दिवशी दोघी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. परत आल्यावर चिमणी फोनवर नवऱ्याला सांगत होती, ते मी ऐकलं. असं एकाएकी ऐकू येईनासं झालं तर लगेच यायला हवं होतं, वेळ गेलाय, गोळ्या दिल्यात, पण किती परत येईल याची खात्री नाही. नवी जोडी तिने नको म्हणून कळवली. मला माझ्या जागी परत ठेवलं. मी वाचलो होतो, पण मला धड आनंदही होईना.

तेव्हापासून बाई कोच सोडून मालकांच्या उजवीकडे खुर्ची ओढून बसतात. फक्त झोपायला जाण्याआधी तपासणी असते. आवाजाची खूण पूर्ण डावीकडे न्यायची, व्हायोलिन हळू लावायचं, उजव्या कानात कापसाचा बोळा, वर तळहात. मग बाई डाव्या कानाशी वाकून काहीतरी बोलतात आणि हात काढून विचारतात, "आलं का काही?" "नाही," मालक म्हणतात. आपण ऐकायला कुणी नाही असं वाटून बाई आता काहीही बोलतात. इतक्या वर्षांत न बोललेलं बोलतात. माझा जीव टांगणीला. वाजवताना मी एक सूरही हलू देत नाही.

काल त्या म्हणाल्या, "मला नंबर नव्हताच हो. बारक्या अक्षरांची ओळ मी मुद्दाम चुकीची वाचली होती. तुमच्या दुकानात पुन्हा यायला काहीतरी कारण हवं होतं ना."

मी मालकांच्या हाताकडे बघत होतो. खुर्चीच्या हातावर त्यांचं एक बोट माझ्या व्हायोलिनबरोबर ठेका धरत होतं. बाईंचं वाक्य सुरू झालं आणि ते बोट थांबलं.

बाईंनी तळहात काढला, बोळा काढला. "आलं का काही?"

"नाही गं," मालक म्हणाले. "काहीच नाही. पुन्हा म्हण बरं."

बाईंनी उसासा टाकला, बोळा परत घातला आणि पुन्हा वाकल्या.

आता मला ही नवीन काळजी. बाईंना हे कळलं तर त्या बोलायच्या थांबतील. तुम्हाला सांगून बसलोय खरा, पण या घरी आलात तर माझ्याकडे बघून हसू नका, आणि बाईंपुढे चकार शब्द काढू नका.