फॉल लावलेली साडी

रामनवमीच्या कीर्तनाला जांब समर्थला आम्ही दोघी दरवर्षी जोडीनं जायचो. मी, दैवशाला, आणि आमच्या गावच्या जहागीरदारांच्या प्रियदर्शनी बाईसाहेब. त्यांचे सरकार आणि माझे मालक एकाच साली गेले. तेव्हापासून कीर्तन कुठंही असो, त्यांची गाडी माझ्या दारात थांबायची. मला कीर्तनाचं वेडच, टाळ वाजले की पाय घरात ठरत नाहीत. बाईसाहेब मात्र खांबाआड बसायच्या. सगळ्या बाया मागून धृपद धरायच्या तेव्हा यांचे ओठ मिटलेले. मोठ्या घरच्या, लाजत असतील, असं मी समजून चालले होते.

यंदा महाराजांनी माहेराचा विषय घेतला. म्हणाले, "बाई सासरी चांदीच्या ताटात जेवू द्या, शेवटची साडी तिला माहेरचीच लागते. दहा वर्षं न बोललेला भाऊसुद्धा त्या दिवशी साडी काखेत मारून येतो. बहीण जिवंत असताना आला असता तर चहा तरी मिळाला असता." मांडव हसला आणि लगेच गप्प झाला. तिथून महाराज जीव सासुरवाशी आणि देव माहेर, असे वर चढत गेले. माझ्या डोळ्यांना धार लागली. बाईसाहेब काही त्यांच्यासोबत वर गेल्या नाहीत. त्या साडीपाशीच राहिल्या.

प्रसाद घेऊन पायरीवर टेकलो तेव्हा त्यांनी विचारलं, "दैवशाला, माझी साडी कुठून यायची?"

"तातेरावांकडून. भाऊ हाय न तुमचा. जरीची आणतील बघा."

"ते माहेर भाड्याचं हाय."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांना आमच्यासारखं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. मग त्या सगळं सांगत गेल्या.

त्यांचं खरं नाव सोनू. कनात लावून गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीत त्या गायच्या, राणीची कामं करायच्या. आणीबाणीच्या साली तीर्थपुरीला कंपनीचा मुक्काम पडला. सरकार तेव्हा विधुर, घरात तीन वर्षांचा सोमेश्वर. सलग सात दिवस सरकार पहिल्या रांगेत बसले आणि आठव्या दिवशी त्यांनी मागणी घातली. सरकारांच्या आईनं सांगितलं, बिनमाहेराची पोर या उंबऱ्यात येणार नाही. तेव्हा तातेरावांचे वडील, सरकारांचे जिवलग, पुढं झाले. त्यांनी सोनूला लेक म्हणून मांडवात बसवलं, कन्यादान केलं. नावही बदललं. अट दोन गोष्टींची होती. गाणं बंद, आणि खऱ्या माणसांपैकी कुणी दारात यायचं नाही.

"आणि कुणी आलं न्हाई?" मी विचारलं.

"एकदा आल्ती. तुळजा, माझी धाकटी बहीण. आमची आई गेली, ते सांगायला. दारात गडी होता. तो म्हणला, बाईसाहेबांच्या आई तर परवाच राहून गेल्या, धडधाकट हायेत. मी पडद्यामागंच उभी होते, दैवशाला. गड्यानं आत येऊन मला विचारलं. मी म्हणले, भलत्या घरी आल्यात, पाणी देऊन वाटंला लावा." त्यांनी हातातला प्रसाद पदरात बांधला. "तिनं पाणी घेतलं न्हाई."

वैशाखात त्यांच्या पायांना सूज आली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. सोमेश्वररावांनी हयगय केली असं मी कुणाला म्हणू देणार नाही. नर्स ठेवली, औषध ते स्वतःच्या हातानं देत. हाक मात्र त्यांची लहानपणापासूनची, "अहो बाई." आजीनं शिकवलेली, ती तशीच राहिली.

त्या आठवड्यात बाईसाहेबांनी मला जवळ बसवलं. "जुन्या जालन्यात कापड गल्लीत तुळजाचं फॉल-पिकोचं दुकान हाय. इस्माईलला ठावं हाय. तिला म्हणावं, माझ्या अंगावर तुझी साडी पडू दे. साधीसुधी चालंल."

इस्माईल त्यांचा ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे दाखवायचं निमित्त केलं आणि आम्ही निघालो. वाटेत मी त्याला विचारलं, तुला दुकान कसं ठावं.

"बीस सालसे जाके राह्यलो ना, मावशी. बाईसाहेबांची हर एक साडी तिथंच. नाव सांगायचं न्हाई, बस देऊन यायचं."

गल्ली हातगाड्यांनी आणि स्कूटरींनी तुंबलेली. दोन कापड दुकानांच्या मधे जिन्याखालच्या जागेत एक मशीन, आणि मशीनवर तुळजाबाई. साठी उलटलेली, बारकी, कानाला चष्म्याची दोरी. मी निरोप सांगितला. तिनं मशीन थांबवलं नाही.

"कोण प्रियदर्शनी? भलत्या दुकानात आल्या तुम्ही, बाई."

"सोनू म्हणते मी."

"सोनू मेली आमची. त्या दारात पाणी घ्या म्हणले तवाच मेली."

मी हात जोडले. कीर्तनात ऐकलेलं जे जे आठवलं ते बोलत सुटले, क्षमा काय, माया काय. ती म्हणाली, "परवचन नका देऊ, बाई, माझा दोरा तुटायलाय." आणि मग खरंच दोरा तुटला. तो सुईत ओवता ओवता ती बाहेर उभ्या इस्माईलकडं बघून म्हणाली, "ह्यो मुका माणूस वीस वर्षं साड्या आणतो. मला कळत न्हाई का कुणाच्या हायेत? प्रत्येक साडीच्या पदराला हळद लागलेली. आमची आई तसेच पदराला हात पुसायची. मोठ्या घरात जाऊन हिची सवय गेली न्हाई."

"मंग द्या न साडी, तुळजाबाई."

"मेल्यावर झाकायला न्हाई देणार." ती उठली. शेजारच्या दुकानातून एक मोरपंखी सुती साडी घेऊन आली. "द्यायची तर नेसायला देईन. मी सोता नेसवीन, तिला आरशासमोर उभी करीन, मंग मेली तर मरू दे."

"विधवा बाई, मोरपंखी कशी—"

"तुमच्या गावात विधवा असंल. माझ्याकडं सोनू हाय."

मी म्हणाले, चला तर मग जल्दी. तर ती मशीनवर बसली. फॉल लावायला.

"राहू द्या न आता फॉल."

"बिनफॉलची साडी मयताला देतात, बाई. जित्या माणसाला फॉल लागतो."

मी बसले. तिनं फॉल भिजवला, वाळवला, इस्त्री केला. एक बाजू मशीनवर मारली आणि दुसरी हातानं घालायला घेतली. टाका इतका बारीक की वरून दिसू नये. दोन तास गेले. मी आत नामस्मरण करत होते आणि खरं सांगते, देवाऐवजी मला घड्याळ दिसत होतं.

गाडीत तुळजाबाई साडी मांडीवर घेऊन ताठ बसली होती. मधेच म्हणाली, "आता मोठ्यानं गाते का ती?" मी म्हणाले, गुणगुणतसुद्धा नाहीत. "मंग माझ्यासमोर गाईल," ती म्हणाली.

अंबडच्या पुढं इस्माईलचा फोन वाजला. त्यानं गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि आमच्याकडं पाठ करून उन्हात उभा राहिला. फोन खिशात गेला तरी वळेना.

तुळजाबाईनंच विचारलं, "गेली?"

मी मान हलवली.

तिनं साडीची घडी सरळ केली. "किती वाजता, ते विचारा त्याला." इस्माईल म्हणाला, सव्वाबाराला. त्या वेळी ती हाताचा टाका घालत होती. ते तिलाही कळलं, मलाही. मी म्हणाले, परत सोडून येऊ का? ती म्हणाली, "न्हाई. येते मी तुमच्या बराबर."

बंगल्यापुढं माणसं जमली होती. तातेराव पांढरी साडी घेऊन आधीच आलेले. सोमेश्वरराव पायरीवर उभे, डोळे लाल. त्यांनी मला नमस्कार केला आणि मागं बघितलं. "मावशी, ह्या कोण?"

माझं तोंड उघडलं. आज सांगून टाकायचं, असं मी गाडीत ठरवलं होतं. आता कुणाची अट आणि कुणाचं काय. पण तुळजाबाई पुढं झाली.

"मी फॉल-पिकोवाली, साहेब. बाईसाहेबांनी साडी टाकली होती. द्यायला आले."

सोमेश्वररावांना भरून आलं. "शेवटपर्यंत नवी साडी... मावशी, तुम्ही आत घेऊन जा. बाई, तुम्ही सावलीत बसा, पाणी घ्या."

गड्यानं तांब्या आणला. तुळजाबाईनं दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी प्याली.

आत बायकांनी अंघोळ घातली होती. बाईसाहेबांच्या जाऊबाई पांढरी साडी उलगडत होत्या. मी मोरपंखी पुढं केली. त्या दचकल्या. "दैवशाला, येड लागलं का? रंग बघ."

"त्यांचीच हाय. नवी. नेसायची राहून गेली," मी म्हणाले. "आतून नेसवू. वरून पांढरी येणारच हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बाईसाहेबांच्या तोंडाकडं बघितलं, आणि निऱ्या धरल्या. मी पदर घेतला. हातानं घातलेला टाका बोटाला लागत नव्हता इतका बारीक. मग पांढरी साडी वर आली आणि सगळं झाकून गेलं. तातेरावांच्या घरच्या बायका माहेरच्या नावानं रडल्या. खोटं रडल्या असं मी म्हणत नाही. इतक्या वर्षांत भाड्याच्या मायेलाही पाझर फुटतोच.

बाहेर टाळ सुरू झाले. आमच्या भजनी मंडळानं धृपद धरलं. बाईसाहेबांना उचललं तेव्हा सगळ्या बाया ओट्यावर येऊन रडत होत्या. एकटी तुळजाबाई गड्यांच्या रांगेत चष्मा काढून उभी होती. फॉल-पिकोवालीला रडायला कारण नव्हतं. तिनं पदर तोंडात धरला होता.

तिरडी वळणावर गेल्यावर मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

"लांबी पुरली का?" तिनं विचारलं. "उंच होती ती."

"पुरली."

"निऱ्या कुणी घातल्या?"

"जाऊबाईंनी. पदर मी घेतला."

"डाव्या खांद्यावर बारीक घ्यावा लागतो तिचा. रुंद घेतला की गाताना हात अडकतो, असं म्हणायची." तिनं चष्मा परत लावला. "तुम्हाला कुठून ठावं असणार, बाई."

मी तो रुंदच घेतला होता.