समाधानच्या माथी मारलेल्या धावा

मुग्धा पुण्याची, क्रिकेटची स्कोअरर. आखाती देशातल्या अल कुसैसच्या एका बेसबॉल क्लबात आकडे लिहायची नोकरी मिळाली तेव्हा तिला वाटलं, चेंडू तो चेंडू, धाव ती धाव, त्यात नवीन काय शिकायचंय? तिथेच माशी शिंकली.

क्रिकेटमध्ये झेल सुटला तरी पुढच्या धावा गोलंदाजाच्याच खात्यात जातात. बेसबॉलमध्ये मैदानातल्या कुणाच्या ढिसाळपणामुळे निघालेली धाव पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, सरासरीत धरत नाहीत. मुग्धाने मात्र सगळ्याच धावा इमानेइतबारे पिचरच्या माथी मारल्या होत्या. क्लबचा इतिहास छापायचा म्हणून जुने आकडे पुन्हा काढताना आज सकाळी हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने सगळं पुन्हा एकदा तपासलं.

कारण याच आकड्यांवरून समाधानला काढलं होतं. जळगावकडचा हा पोरगा, शाळेत बेसबॉल शिकलेला. त्याने टाकलेला चेंडू कुणी फटकावला की जमिनीलगत सरपटत जायचा, अडवणारे गोंधळायचे आणि धावा व्हायच्या. नव्याने मांडल्यावर तो क्लबच्या इतिहासातला सगळ्यात चांगला पिचर निघाला. आणि आज त्याचा शेवटचा दिवस होता.

सांगावं तर नोकरी जाणार. नवऱ्याची, तन्मयची, केव्हाच गेली होती. त्याचा आणि लेकीचा व्हिसा मुग्धाच्याच नोकरीवर होता. न सांगावं तर पोरगा तिच्या चुकीपायी जाणार. शेवटी धीर करून तिने मॅनेजर एमानला सगळं सांगितलं.

एमान बाई भली. समाधानच्या जागी दुसरा पिचर घेऊन झालाय, म्हणाली. पुस्तकात खरे आकडे छाप, पण चूक कुणाची ते बोलू नकोस, मालकाच्या कानावर गेलं तर मी तुला वाचवू शकणार नाही.

"खलास, मुग्धा. बेटी का सोचो."

इतक्या मायेने कुणी तोंड बांधलं तर माणसाने करायचं तरी काय?

तेवढ्यात समाधान युनिफॉर्म परत द्यायला आला. टोपी टेबलावर ठेवून तो घुटमळला.

"ताई, एक विचारू? तुमचे आकडे बघून मी टाकायची पद्धत बदलली. खांदा गेला त्यात. आधीची एवढी वाईट होती का?"

एमानला मराठी कळत नव्हतं. मुग्धाने खाली बघितलं.

"नाही रे. उत्तम होती. लिहायला मी चुकले."

समाधानचा हात खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला. काय म्हणतोय, असं एमानने विचारलं. आता त्याने हिंदीत एक वाक्य बोलायचा अवकाश, की मुग्धा बोलली हे एमानला कळलं असतं, तिथून मालकाला, आणि सगळं संपलं असतं.

"कुछ नहीं, मैडम," तो म्हणाला. "हिसाब समझ रहा था."

तो गेला. मुग्धाने पुस्तकातल्या पिचरांच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर टाकलं आणि पान छापखान्याला पाठवून दिलं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर ती सुटली असती. तेवढंही त्याने केलं नाही.